सव्वादोन वर्षांच्या लेकीला प्राणी दाखवायचेत, कुठे नेऊ?

मावशी, नमस्कार.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि सध्या तिला प्राण्यांचं वेड लागलंय. गॅलरीतून कुत्रा दिसला की 'भू, भू' करत नाचते. पुस्तकातल्या वाघाची रोज पापी घेते. म्हणून नवऱ्याने ठरवलंय की २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तर गाडीने थेट ताडोबा गाठायचं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर निघायचं, रात्रभर गाडी चालवायची, दोन सफारी करायच्या आणि सोमवारी रात्री घरी. जंगलातला वाघ बघायचं त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला काय आठवणार आहे? उगाच हाल." त्यांचं माहेर इंदापूरकडचं, त्याही आमच्याबरोबर असतील. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. लेकीला गाडी लागते का तेही नीट माहीत नाही, कारण तिला घेऊन आम्ही लोणावळ्याच्या पुढे गेलेलोच नाही. कार सीट घेतलीय, पण त्यात बसवलं की रडते, म्हणून मी मांडीवर घेते. जावं का? गेलो तर काय सांभाळायचं?

– एक आई, पुणे

जा. नक्की जा. पण या खेपेला ताडोबाला नको, आणि रात्रभर गाडी चालवून तर कुठेच नको.

आधी हिशेब मांडून बघ. पुणे ते ताडोबा जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटर होतात. तीन दिवसांतले जवळजवळ दोन दिवस लेक पट्ट्यात बांधलेली असणार. उरलेल्या दिवसात दोन सफारी म्हणजे चार-चार तास पुन्हा जिप्सीत बसणं. जानेवारीतल्या पहाटे उघड्या जिप्सीत गारठा असा झोंबतो की मोठी माणसं गोधडी पांघरून बसतात. गाडीतून खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलीला चार तास गप्प बस म्हणून सांगणं हे तिच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. तिला प्राणी दिसला की ओरडावंसंच वाटणार, आणि तिने ओरडावं यासाठीच तर आपण तिला नेतोय.

दुसरी गोष्ट त्याहून काळजीची. दिवसभर ऑफिस करून आलेला माणूस रात्री स्टिअरिंगवर बसतो, आणि पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळा कधी लागला ते त्याचं त्यालाही कळत नाही. समृद्धी महामार्गाने जा नाहीतर जुन्या रस्त्याने, झोप कुणालाच चुकलेली नाही. सरळसोट रस्त्यावर तर झापड जास्त येते. त्यात जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर अंधारात पुढे चाललेले असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. काळोखात उसाच्या मोळ्यांचा ढीग अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. म्हणून नवऱ्याला माझ्यातर्फे सांग की लेक गाडीत असताना सूर्य मावळल्यावर हायवेवर राहायचं नाही. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता माझा अनुभव सांगते, कारण तुझ्या नवऱ्याच्या जागी एकेकाळी मी स्वतः होते. मुलगा अडीच वर्षांचा असताना आम्ही हट्टाने त्याला एका जंगलात घेऊन गेलो. तिसऱ्या तासाला वाघीण दिसली. वीसेक पावलांवरून रस्ता ओलांडून गेली. मुलगा माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. मी त्याला हलवून उठवलं. तो दचकला आणि टाहो फोडून रडायला लागला. शेजारच्या दोन गाड्यांतल्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं, ते पाहणं मला आजही आठवतं. वाघीण गवतात शिरली. वाईट मला त्या लोकांचं वाटलं नाही, मुलाचं वाटलं. झोपेतल्या लेकराला मी माझ्या आनंदासाठी उठवलं होतं.

परतीच्या वाटेवर टायर पंक्चर झालं. पंक्चरच्या दुकानासमोर दगडी हौद होता आणि त्यात तोंड घालून एक म्हैस पाणी पीत होती. तिच्या गळ्याखालून पाण्याचे घोट उतरताना दिसत होते, एकामागून एक. मुलगा माझा हात सोडून दोन पावलं पुढे गेला आणि पाऊण तास तिथून हलला नाही. म्हैस पाणी पिऊन गेली, दुसरी आली, तो तिथेच. नंतर वर्षभर घरात पेला तोंडाला लावला की आधी म्हणायचा, "म्हैस पाणी." मग घटघट आवाज करत प्यायचा.

त्या दिवशी मला जे कळलं तेच तुला सांगायचंय. या वयाला प्राणी जवळ हवा, पुष्कळ वेळ हवा आणि तो काहीतरी करताना दिसायला हवा. खाताना, पिताना, अंग खाजवताना, पंख फडफडवताना. लांबून दोन मिनिटं दिसलेला वाघ आणि पुस्तकातला वाघ यांत तिला फारसा फरक कळणार नाही. पुस्तकातल्या वाघाची निदान पापी घेता येते.

तर कुठे जायचं? सोलापूर रस्त्याने भिगवणला. वाटेत सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी. पुण्यापासून भिगवण शंभरेक किलोमीटर आहे, म्हणजे कुठल्याही क्षणी लेकीचं बिनसलं तर दोन-अडीच तासांत तुम्ही घरात असाल. बारामतीत मोठी रुग्णालयं आहेत. लहान मुलाला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडताना हा आधार फार मोठा असतो.

फक्त २६ जानेवारीच्या सुट्टीत जाऊ नका. त्या दिवसांत सगळं पुणं तिथे लोटतं. नवऱ्याला म्हणावं, रजा टाकायचीच आहे तर पुढच्या आठवड्यातला बुधवार-गुरुवार घे.

सकाळी साडेसहाला, उजाडता उजाडता निघा. लेकीला झोपेतच उचलून सीटमध्ये ठेवायचं, पांघरूण घालायचं. यवत गेलं, चौफुला आला की उजवीकडे सुप्याचा रस्ता. आठच्या सुमारास तुम्ही अभयारण्याच्या गेटवर असाल. मयूरेश्वर १९९७ साली झालेलं, साधारण पाच चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य आहे. जंगल म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी गर्द झाडी इथे नाही. माळरान आहे, पिवळं गवत, खुरटी झुडपं. पुष्कळ जण म्हणतात, इथे काय बघायचं? मला हे माळ फार आवडतात. लहान मुलांसाठी तर ते दाट जंगलापेक्षा शंभर पटींनी बरे, कारण मध्ये झाडी नाही, जनावर उभं असलं की दिसतं.

इथलं मुख्य जनावर म्हणजे चिंकारा, एक छोटं हरीण. खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंच, म्हणजे तुझ्या लेकीपेक्षा बुटका. त्याला धोक्याची चाहूल लागली की तो पाय आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. ही शिंक लेकीला ऐकायला मिळाली तर तुमची अर्धी सहल तिथेच वसूल झाली. दोन वर्षांच्या मुलांना शिंकेइतकं मजेचं दुसरं काही नसतं. ससा दिसेल, तित्तर ओरडेल, नशीब असेल तर खोकड, म्हणजे छोटा कोल्हा दिसेल. लांडगाही आहे या भागात, पण त्याची आस धरून जाऊ नका.

चिंकारा दिसला की "तो बघ, तो बघ" करत नुसतं बोट दाखवलंस तर तिला काही सापडणार नाही. गवताचा आणि त्याचा रंग एकच. तू खाली वाक, तिच्या गालाला गाल लाव आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत हात लांब कर. मग तो हलेपर्यंत थांब. हलला की तिला दिसेल. दिसल्यावर तिचं अंग तुझ्या हाताखाली एकदम ताठ होईल, त्यावरूनच तुला कळेल. तेव्हा फोटो काढत बसू नकोस. फोटो नवऱ्याला काढू दे.

ऊन चढलं, नऊ-साडेनऊ झाले की चिंकारे सावलीला जातात. तुम्हीही निघा. बारामतीमार्गे भिगवणकडे वळा. या दिवसांत वाटेत मेंढपाळांचे वाडे भेटतात. शेकडो मेंढरं, पुढे-मागे कुत्री, घोड्यांच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं, वर कोंबड्या बांधलेल्या आणि कधी नुकतंच जन्मलेलं कोकरू. गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, काच खाली कर आणि तो सगळा कळप जाऊ दे. लेकीला मेंढ्यांच्या घंटांचा आवाज ऐकू दे. मला विचारशील तर या प्रवासातली सगळ्यात सुंदर दहा मिनिटं हीच असतील, आणि तिकीट काढून ती मिळत नाहीत.

भिगवणला उजनी धरणाचं पाणी पसरलंय. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि त्या उथळ, चिखलाळ काठांवर पाखरं यायला लागली. भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारी करणारी कुटुंबं आता पाहुण्यांना पाखरं दाखवायला नावेतून नेतात, घरात उतरायची सोय करतात, चिलापी माशाचं जेवण करून घालतात. दुपारी बाराच्या सुमारास पोचा, जेवा आणि लेकीला तीन तास झोपू द्या. हे तीन तास खाऊ नकोस, तिची दुपारची झोप मोडली की संध्याकाळी पाखरं काय, परी उतरून आली तरी ती बघणार नाही. संध्याकाळी नुसतं काठावर चालायचं. बगळे, पाणकावळे, चिखलात चोची खुपसणारी बारकी पाखरं. लेक दगड टाकेल पाण्यात, टाकू दे. पाखरांच्या दिशेने तेवढे नकोत.

नाव दुसऱ्या दिवशी सकाळी. साडेसात-आठला, गारठा जरा कमी झाल्यावर. आदल्या दिवशी फोन करून एकच प्रश्न विचार: लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? मोठ्यांचं जॅकेट तिला घालून उपयोग नाही, पाण्यात पडलं की मूल त्यातून निसटतं. मापाचं नसेल तर पुण्यातूनच विकत घेऊन जा. तेही जमलं नाही तर तुम्ही दोघं आळीपाळीने नावेतून जाऊन या, लेक आजीबरोबर काठावर थांबेल. काठावरूनही खूप दिसतं.

नावेत बसलीच तर तिला रोहित दाखव. आपण फ्लेमिंगो म्हणतो ते. काड्यांसारखे पाय, लांब मान, आणि खाताना डोकं उलटं करून पाण्यात घालतो. चोच जाळीसारखी असते, तिच्यातून चिखलपाणी गाळून बारीक किडे आणि शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, पिल्लं राखाडी असतात. एवढं सगळं लेकीला सांगायची गरज नाही. डोकं उलटं करून खातो हे मात्र ती दहा मिनिटांत उचलेल आणि रात्री वरणभात तसा खायचा प्रयत्न करेल. कुरव पक्षी, म्हणजे सीगल, तर नावेच्या मागे मागे उडत येतात, इतके जवळ की त्यांचे डोळे दिसतात. त्यांना शेव-फरसाण टाकायचा मोह काही लोकांना होतो. तुम्ही टाकू नका.

नाववाल्या दादांना आधीच सांग की रोहितांचा थवा उडवू नका. उडाले की पंखांतला लाल-काळा रंग दिसतो, फोटो छान येतो, म्हणून पाहुणेच थव्यात नाव घालायला लावतात. लांबून आलेली पाखरं ती, त्यांचा खायचा वेळ असा मोडू नये. दादांना पैसे फोटोचे नाही, सकाळच्या वेळेचे मिळतात. सांगितलं की ते आनंदाने लांब थांबतात, त्यांनाही ते आवडतं.

काळवीट बघायचे असतील तर कर्जत तालुक्यात रेहेकुरीला छोटं अभयारण्य आहे, पण ते पुढच्या खेपेला. एका सहलीत तीन ठिकाणं घालू नकोस.

आता गाडीचं. मांडीवर घेणं आजपासून बंद. मला माहितीये, सीटमध्ये ती रडते आणि तुझा जीव तुटतो. पण गाडी साठच्या वेगात असताना करकचून ब्रेक लागला तर बारा किलोचं मूल आईच्या हातात राहत नाही. कुणाच्याच हातात राहत नाही. कायदाही तेच सांगतो, २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कार सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोड, मुलीचं बघ. सीट मागच्या बाकावर. तिच्या मापात बसत असेल तर तोंड मागच्या काचेकडे असणं जास्त सुरक्षित, वजनाची आणि उंचीची मर्यादा सीटवरच लिहिलेली असते. पट्टा लावण्याआधी जाड स्वेटर काढायचा, नाहीतर पट्टा ढिला राहतो. स्वेटर मग वरून पांघरायचा.

आणि रडण्यावर उपाय आहे. निघायला अजून वेळ आहे ना? तोवर सीट घरात हॉलमध्ये आणून ठेव. तिची बाहुली त्यात बसू दे, ती बसू दे, तिथे खाऊ दे. मग गाडीत, पण गाडी न हलवता. मग कात्रजच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत एक फेरी. तुमच्या घरापासून जवळच आहे ते, बुधवारी बंद असतं एवढं लक्षात ठेव. ही रंगीत तालीम समज. गाडी लागते का, किती वेळात कंटाळते, उन्हात कशी वागते, सगळं तुला तिथेच कळेल. आणि हत्ती बघून तिचा चेहरा कसा होतो तेही.

गाडी लागणं बहुतेक मुलांना दोन वर्षांनंतर सुरू होतं, म्हणजे तिचं आत्ताच कुठे वय झालंय. निघताना पोटभर दूध पाजू नकोस. हातात मोबाइल देऊ नकोस, मान खाली घालून पडदा बघितला की उलटी ठरलेली. काच थोडी उघडी ठेव, दीड-दोन तासांनी थांब आणि तिला वीस मिनिटं मोकळं पळू दे. औषध द्यायचं तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच, डोस वजनावर ठरतो. तापाचं औषध, थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं बरोबर असू देत. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून तिला बंद गाडीत ठेवून कधीच जाऊ नका. जानेवारीतही उन्हातली गाडी बघता बघता तापते.

खायला मऊ भात आणि मेतकूट, मुगाची खिचडी, केळी. लाल भोपळ्याचे घारगे करून घे, दोन दिवस छान राहतात आणि हातात धरून खाता येतात. चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न मुळीच नाही, घशात अडकतात आणि तू पुढे बसली असशील तर तुला कळतही नाही. बारामतीकडे या दिवसांत द्राक्षं फार गोड मिळतात, घ्या, पण तिला अख्खं द्राक्ष देऊ नकोस. उभं चिरून चार फोडी करायच्या. हुरड्याचाही हंगाम आहे. तुम्ही खा, तिला कुस्करून चिमूटभर.

दोन गोष्टी जरा कडक आवाजात सांगते. तुझी लेक कुत्र्याला बघून नाचते असं तू लिहिलंयस. ढाब्यावर कुत्री असतात आणि ती मिठी मारायला धावणार. हात धरून ठेव. चावलं किंवा नुसतं नख लागून ओरखडा उठला, रक्त आलं नाही, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, काहीही लावत बसायचं नाही. मांजर, माकड, सगळ्यांना हेच लागू.

दुसरं, ऊस. शिरूर, दौंड, जुन्नर या पट्ट्यात बिबटे उसात राहतात, उसातच पिल्लं वाढवतात. घाबरून घरात बसायचं कारण नाही. पण तिन्हीसांजेला किंवा पहाटे अंधारात लेकीला शू करायला उसाच्या बांधावर बसवू नकोस. बसलेलं लहान मूल बिबट्याला माणूस वाटत नाही. डिकीत तिचं पॉटीचं भांडं ठेव, गाडीच्या दाराशी उजेडात बसव. डायपर लावत असशील तर वापरलेले पिशवीत बांधून घरी आण, माळावर एकही राहता कामा नये.

आता नवऱ्याचं. त्याचं स्वप्न मला खोटं वाटत नाही, आणि तू ते मोडीत काढू नयेस. त्याने एप्रिलमध्ये मित्राबरोबर ताडोबाला जावं. पाणवठे आटलेले असतात, वाघ पाण्यावर येतो, दिसायची शक्यता जास्त. ऊन मात्र चंद्रपूरचं असतं, ते दोन वर्षांच्या मुलीने सोसण्याचं नाही. गाभा क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे चार तास त्याला ऑफिसचा एकही फोन येणार नाही. तेवढे दिवस घर आणि लेक तू सांभाळ. मग त्याने पावसाळ्याआधी तुला तुझे तीन दिवस द्यावेत, तू कुठेही जा. लेक पाच-सहा वर्षांची झाली, हळू बोल म्हटलं की हळू बोलायला लागली, म्हणजे तिघं मिळून जा. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे ते, आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं. आणखी तीन वर्षांनी तिथेच असेल. आणि इतक्या सगळ्यानंतरही विदर्भातच जायचं ठरलं तर रेल्वेने किंवा विमानाने नागपूरला जा, चार रात्री राहा, आणि लेकीला तिथल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात ने. तिथे बंद बसमधून प्राणी दाखवतात आणि मुलं हवं तेवढं ओरडू शकतात.

सासूबाईंचं म्हणणंही अर्धं खरं आहे. तिला हे आठवणार नाही. दोन वर्षांचं कुणालाच आठवत नाही. पण या वयात मुलं दोन शब्द जोडायला लागतात, आणि जोडायला त्यांच्यासमोर काहीतरी घडावं लागतं. आत्ता ती नुसतं 'भू' म्हणते. माळावरून आल्यावर 'भू गेला' म्हणेल, 'मेंमें आली' म्हणेल. ते पहिलं वाक्य तुला आयुष्यभर आठवेल.

आणि सासूबाई तर या सहलीतल्या सगळ्यात उपयोगी व्यक्ती आहेत. इंदापूरकडचं माहेर म्हणजे हा मुलूख त्यांचा. मेंढरांना काय आवाज देऊन हाकतात, गाईच्या जवळ कुठल्या बाजूने जायचं, कोकरू कसं धरायचं, हे तुला-मला पुस्तकात सापडणार नाही. निघायच्या आधी त्यांना विचार की वाटेत माहेरचं कुणी आहे का, ज्यांच्या गोठ्यात तासभर बसता येईल. असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ तिकडेच घाल, नाव राहिली तरी चालेल. गाडीत त्यांना मागे लेकीच्या शेजारी बसव आणि तू पुढे बस. गाडी चालवणाऱ्याशी कुणीतरी बोलत राहायला हवं, आणि मागे आजीजवळ गोष्टी आहेत.